इंग्लंडात बाबांची ड्रायव्हिंग टेस्ट

ट्रिपचे फोटो दाखवायला घेतले की लोकांना अचानक चहा टाकायची आठवण होते. किस्से मात्र "आणखी एक सांग ना" म्हणत मागून घेतात! उत्तर इंग्लंडहून परत आल्यापासून अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला माझी हीच ड्यूटी आहे.

खरं तर ती ट्रिप नव्हतीच, परीक्षा होती. माझ्या नवऱ्याने, अविनाशने, आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले आणि रिटायर झाल्यावर स्वतःचीच गाडी गराजच्या दारावर घातली! मुलगा निखिल म्हणाला, "बाबा, नो मोअर ड्रायव्हिंग." आता मिशिगनमध्ये दूध आणायलाही गाडी लागते. अविनाशचं जेवणावरून लक्षच उडालं. मग एके दिवशी म्हणाला, "इंग्लंडमध्ये रेंटल घेऊन डाव्या बाजूने चालवून दाखवतो. एक ओरखडा आला तर गाडी कायमची सोडली!"

निखिल हो म्हणाला. मी बॅगा भरायला घेतल्या.

* * *

स्टिअरिंग उजवीकडे आणि यॉर्कजवळचं पहिलंच राउंडअबाउट. मी पाट्या वाचतेय, हा गोल फिरतोय. बाकावरच्या एका आजोबांनी पुढच्या फेरीला तर आम्हाला हात केला!

"अरे, बाहेर पड ना!"

"तू सावकाश वाच. मी नाशिकला डावीकडूनच शिकलोय, मला काही घाई नाही."

* * *

लेक डिस्ट्रिक्टमधलं छोटंसं हॉटेल, अरुंद लाकडी जिना, लिफ्ट नाही. आणि आमच्याकडे भारतात जाताना नेतो त्या दोन अवाढव्य बॅगा, काठोकाठ भरलेल्या. का? तर एअरलाइन तेवढं वजन नेऊ देते म्हणून! भडंग, चिवडा, प्रेशर कुकरसुद्धा.

मालकीणबाईंनी बॅगांकडे बघितलं, रजिस्टरकडे बघितलं आणि फार प्रेमाने विचारलं, "तुम्ही वीकेंडपुरतेच राहणार ना?"

निघताना त्यांनी भडंगाची रेसिपी मात्र लिहून घेतली.

* * *

मग ती रोमन लोकांची प्रसिद्ध भिंत. मी भारावून बघतेय आणि हा म्हणतो, "एवढीशी? आमच्या गडावर एवढ्या उंचीवर लोक डबा खायला बसतात!"

पण नंतर दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "कुठून कुठे आले असतील गं हे सैनिक. घरची आठवण येत असेल." वारा झोंबत होता, तरी आम्ही तिथेच थर्मासमधला चहा प्यायलो. इतकं छान वाटलं मला!

* * *

खरी परीक्षा पुढच्या दिवशी. दोन्हीकडे दगडी कुंपणं, मधून जेमतेम एका गाडीचा रस्ता, उतार आणि वळण. समोरून ट्रॅक्टर! मागे जाणं आलं. मी पुराव्यासाठी फोन धरला आणि डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा आम्ही वरच्या मोकळ्या जागेत होतो आणि ट्रॅक्टरवाला अंगठा दाखवून जात होता. अविनाशने उतरून गाडीला प्रदक्षिणा घातली. एक ओरखडा नाही!

व्हिडिओ निखिलला पाठवला. त्यात रस्ता कमी आणि माझा देवाचा धावाच जास्त. त्याचं उत्तर आलं, "ओके बाबा, यू विन. आई ओके आहे का?"

* * *

डेट्रॉइटला निखिल घ्यायला आला. बाबांना मिठी मारली आणि स्वतःहून किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "यू अर्न्ड इट. तुम्हीच चालवा."

अविनाशचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. ऐटीत जाऊन त्याने उजवीकडचं दार उघडलं, आत बसला, सीट पुढे घेतली, हात वर केले... आणि समोर स्टिअरिंगच नाही!

निखिल बाहेर उभा. मी बाहेर उभी.

अविनाशने शांतपणे सीटबेल्ट लावला आणि उघड्या दारातून किल्ली निखिलपुढे धरली.

"चल, आज तुला चान्स देतो!"