अकरा नावांचा कागद

सोलापुरात सात रस्ता चौकात डॉ. पंचाक्षरी हत्तुरे यांचा मुलांचा दवाखाना होता, आणि डॉक्टरांच्या तोंडाला लगाम म्हणून नव्हता. पोराच्या पोटावर तापल्या सळईचा डाग दिलेला दिसला, की ते आईलाच नव्हे, बरोबर आलेल्या आजी, मावशी, शेजारीण अशा साऱ्याजणींना एका रांगेत उभं करून झाडायचे. तरी बायका त्यांच्याकडेच यायच्या. "बोलंना का, हाताला गुण हाय," म्हणायच्या. आणखी एक कारण होतं, ते त्या एकमेकींच्या कानात सांगायच्या. हा डॉक्टर कुणाचं नाव फोडत नाही.

त्याला निमित्त होतं. अक्कलकोट रोडला तेव्हा यंत्रमागाच्या शेड एकापाठोपाठ एक उभ्या राहत होत्या आणि वस्तीतल्या बायका तिथं सुताच्या कांड्या भरायला जात. तान्हं पोर बरोबर नेलं तर मुकादम दारातूनच हाकलायचा. घरी ठेवावं तर राखणार कोण? मग राखायची शिवबाई. एका डोळ्यानं अधू, एकटी म्हातारी. तिच्या झोपडीत दहा-बारा पोरं ओळीनं निजलेली असायची. सकाळी प्रत्येकाच्या जिभेवर ती मोहरीएवढी अफू टेकवायची, की दिवस मावळेपर्यंत काळजी नाही. शिवबाई वाईट नव्हती. पोरांचं अंग पुसायची, माशा वारायची. पण कधी माप चुकायचं, पोर निळं पडायचं, आणि आई त्याला पदरात गुंडाळून सात रस्त्याकडे धाव घ्यायची.

चौऱ्याहत्तर साली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा नुकती उठली होती, तेव्हा बसव्वा अशीच धावत आली. पदरात पाच महिन्यांचा मायाप्पा. डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या.

"काय दिलंस?"

"काय बी न्हाय डॉक्टर. देवाशप्पत."

"बसव्वा, तुझं खोटं ऐकायला मला वेळ आहे, ह्याला नाही." त्यांनी टेबलावरची वही तिच्यापुढं उघडून धरली. "बघ, अशी पोरं मी हितं लिहितो. वय लिहितो, दिवस लिहितो. नाव लिहीत नाही. कुठं जाणार नाही तुझं नाव. माझा शब्द."

बसव्वाला वाचता येत नव्हतं, पण कोरी जागा कळत होती. वरपासून खालपर्यंत नावाचा रकाना रिकामा होता. "अफू," ती म्हणाली. "शिवबाईनं दिली. तिची काय बी चूक न्हाय, डॉक्टर."

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत डॉक्टर त्या पोराच्या उशापासून हलले नाहीत. तळपायाला टिचक्या मारल्या, तोंडाला तोंड लावून वारा भरला, सुई दिली, पुन्हा वारा भरला. शेवटी मायाप्पानं भोकाड पसरलं, तेव्हा बाकावर बसलेल्या साऱ्या बायका हसल्या. पोर रडतंय म्हणून हसणाऱ्या बायका त्याच दवाखान्यात बघायला मिळायच्या.

त्या वर्षात अशी अकरा पोरं आली. अकराव्या आईला झाडता झाडता डॉक्टर मध्येच थांबले. आपण बोलतोय कुणाला? हिनं काम सोडावं की पोर? कायद्यात पाळणाघर होतं, पण ते मोठ्या गिरण्यांना. आठ-दहा बायकांच्या शेडला कोण विचारतो? त्यांनी जिल्ह्यातले मुलांचे डॉक्टर गोळा केले आणि सरकारला अर्ज लिहिला. चार-पाच शेड मिळून एक पाळणाघर असलं पाहिजे, असा नियम करा. एवढंच मागणं. पाचजणांनी सह्या केल्या. मुंबईला जायची वेळ आली तेव्हा एकाच्या घरी लग्न निघालं, एकाची कंबर धरली, दोघांना रजा मिळेना. सहीला पाच, जायला एक.

सचिवालयात तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहासुद्धा दिला. माणूस सज्जन होता.

"डॉक्टर, तुमची कळकळ पोचली," साहेब म्हणाले. "पण अकरा मुलं म्हणजे कोण? नाव नाही, गाव नाही. उद्या विधानसभेत कुणी विचारलं तर मंत्र्यांनी काय सांगायचं?"

"नावं देत नाही मी. तसा शब्द दिलाय."

"कागद गोपनीय राहील. आणि नावांवाचून ही फाइल हलणार नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो."

डॉक्टरांना अकराही नावं तोंडपाठ होती. वहीत लिहायची नाहीत म्हणून ती डोक्यात ठेवावी लागली होती. त्यांनी पेन काढलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. बायकांच्याच भल्याचं आहे, असं मनाशी म्हणाले. बसव्वापासून सुरुवात करून अकरा आयांची नावं लिहिली, खाली शिवबाईचं लिहिलं, आणि कागदाच्या डोक्यावर 'गोपनीय' असं लिहून त्याखाली स्वतःच्या हातानं दोन रेघा मारल्या. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "पाळणाघर होणार." त्या दिवशी ते चार घास जास्तच जेवले.

पाळणाघर आलं नाही. पोलिसांची गाडी आली. त्या कागदाला पाय फुटले होते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तिथून सोलापुरात. तीन पानांच्या अर्जातला 'अफू' एवढा एकच शब्द कुणीतरी वाचला होता. शिवबाईला धरून नेलं. अकरा आयांना सकाळपासून चौकीत बसवून ठेवलं आणि एकेकीचं नाव पुकारून उभं केलं. डॉक्टरांनी ज्या क्रमानं लिहिली होती, त्याच क्रमानं. बसव्वा पहिली. दुसऱ्या दिवशी मुकादमानं त्यांतल्या सहाजणींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते चौकीत जाऊन भांडले, वकील दिला, सचिवालयात दोन पत्रं धाडली. शिवबाई काही सुटली नाही. वस्तीत जायचं मात्र त्यांचं धाडस झालं नाही. सात रस्त्यावरच्या बाकावर खोकल्याची पोरं येत होती, हगवणीची येत होती. अक्कलकोट रोडचं एकही येत नव्हतं. अफू बंद झाली असेल, असं डॉक्टर स्वतःला सांगायचे. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्याएवढा हुशार कुणी नसतो.

वर्षानं सरकारचं उत्तर आलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. 'आपल्याच दवाखान्याच्या अहवालानुसार गेल्या वर्षभरात अशा बाधेचा एकही रुग्ण आढळलेला नाही. सबब पाळणाघराच्या नियमाची आवश्यकता उरत नाही.' एकही नाही, हे खरंच होतं. दर महिन्याला सरकारकडे जायचा तो अहवाल त्यांनीच भरला होता. त्यांनी दवाखान्याला भरदिवसा कुलूप लावलं, पत्र आणि वही पिशवीत घातली आणि सायकल अक्कलकोट रोडला काढली.

शेडना सुट्टी होती. वस्तीत डॉक्टर दिसताच दोन दारं लागली. बसव्वा उंबऱ्यात बसली होती. तिनं दार लावलं नाही, पण पाणीही विचारलं नाही.

"मायाप्पा कुठाय?" डॉक्टर म्हणाले. "चालत असेल आता."

"वैरागला हाय."

"आजोळी ठेवलास होय? बरं केलंस."

"तितंच पुरला त्याला."

डॉक्टर तिथंच खाली बसले. बसव्वा कोरड्या आवाजात सांगत गेली. "शिवबाईला न्हेलं, मग पोर कुनाकडं ठिवू? दुसऱ्या शेडात काम गावलं व्हतं, ते बी सुटलं असतं. मीच दिली. तिला माप ठावं व्हतं, मला न्हवतं. घरी येऊन बघते तर, यव्वा, निळं पडल्यालं. हितनं तुमचा दवाखाना अर्ध्या तासाचा. मी यष्टीत बसून आईकडं गेले."

"का, बसव्वा? एकदा वाचवला होता की मी त्याला."

"तुमाला सांगायचं म्हंजे चौकीत सांगायचं."

 डॉक्टरांनी पिशवीतून पत्र काढलं आणि तिला वाचून दाखवलं.

"एक बी न्हाय, म्हंत्यात?" बसव्वानं विचारलं.

"एकही नाही म्हणतात. मी शब्द मोडला, बसव्वा, म्हणून तुम्ही आला नाहीत. तुम्ही आला नाहीत, म्हणून ते असं लिहितात. मी पुन्हा लिहिणार आहे. पण कुणाचं नाव देणार नाही. तुला सांगायला आलो."

"नाव नसलं तर वाचत्याल का?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "नाही वाचणार," डॉक्टर म्हणाले.

बसव्वा बंद शेडच्या पत्र्यांकडे बघत राहिली. शेजारचं दार किंचित उघडलं होतं, कुणीतरी ऐकत होतं.

"माजं लिवू नका," ती म्हणाली.

"नाही लिहीत."

"त्याचं लिवा. मायाप्पा. त्याला आता कोन धरून न्हेनार?"

डॉक्टरांनी वही मांडीवर उघडली. पेनाचं टोपण काढलं. बसव्वा पुढं वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण नावाच्या रकान्यातली कोरी जागा भरेपर्यंत तिनं वहीवरची नजर काढली नाही.