काचेआडची वाकळ

रत्नम्मा चार वर्षांची असताना देवी आल्या आणि तिचे डोळे गेले. आता ती सत्तरीला आली, तरी आमच्या गावात वाकळ शिवायची म्हटलं की तिलाच बोलावतात. जुनं लुगडं चाचपून ती सांगते, हे नेसून विरलंय, हे पेटीत पडून विरलंय. मी तिची शेजारीण, गुणाबाई. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, तिसरीपर्यंत शाळाही झाली. तरी सुईत दोरा तीच ओवून देते.

जळकोटजवळच्या आमच्या गावात मागच्या साली एका संस्थेनं जुन्या शाळेत संग्रहालय काढलं. लोकांनी पेरणीची पाभर दिली, उखळ दिलं. रत्नम्मानं तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शिवलेली वाकळ दिली. मी नको म्हणत होते.

"माझ्यामागं कोण पांघरणार हाय, गुणाक्का?" ती म्हणाली. "तिथं चार लोकांचे हात तरी लागतील."

अट एकच घातली, "मी आले की मला हात लावू द्यायचा." संस्थेतली नांदेडची मनस्विनी "हो आजी" म्हणाली. संग्रहालय म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, पांगळ्या-आंधळ्यांना, सगळ्यांना सोपं जावं, हे बघायचं काम त्या पोरीचंच होतं.

उद्घाटनाला रत्नम्माला मानानं बोलावलं. दाराशी पायऱ्यांच्या जागी उतार केला होता, माझे गुडघे खूश झाले. वर पाटी होती, 'सर्वांसाठी सुलभ'. मी अक्षर अक्षर लावून तिला वाचून दाखवली.

आत गेलो. रत्नम्मानं हात पुढं केला आणि तिची नखं काचेवर वाजली.

"हे काय हाय?"

"काच आहे, आजी. धूळ बसू नये म्हणून," मनस्विनी म्हणाली. "पण तुमच्यासाठी हा पडदा केलाय. बोट लावलं की वाकळीची माहिती बोलतो."

"कुठं लावू बोट?"

"इथं, हिरव्या चौकोनावर."

"बाई, हिरवं दिसलं असतं तर वाकळच बघितली नसती का?"

पोरीचं तोंड उतरलं. व्यवस्थापक किशनराव मधे आला. "काच काढायला वरून परवानगी लागते, आजी. पाहुणे यायची वेळ झाली."

रत्नम्मा वळली, भिंत चाचपत दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसली. "येऊ देत पाहुणे. माझ्यावरून ओलांडून जातील."

मग परवानगीही लागली नाही. किशनरावच पेचकस घेऊन आला.

वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. ती एकेक कोपरा चाचपत गेली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याशी थांबली. परत पहिल्यापासून गेली.

"इथली भाकर कुठं हाय?"

आमच्याकडं वाकळीला उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा कोपरा मिटताना आत भाकरीचा घास घालतात. या वाकळीतला घास अव्वानं सात वर्षांच्या रत्नम्माचा हात धरून तिच्याकडून घालून घेतला होता. मग तो कोपरा तिच्याकडूनच शिवून घेतला; रत्नम्मानं घातलेले पहिले टाके तेच. पुढच्या पावसाळ्यात अव्वा गेली. घास वाळून खडा झाला होता, आणि थंडीत झोपताना रत्नम्मा तो मुठीत धरायची.

"त्याला कीड लागली असती, आजी," मनस्विनी म्हणाली. "म्हणून काढला आणि मशीनवर परत शिवलं. बघा ना, कळतसुद्धा नाही."

"कुणाला कळत न्हाई?"

मग मीच बोलले, आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. साठ वर्षं जिला कीड लागली नाही, ती भाकर यांनी एका दुपारी केरात टाकली. विचारायला आमचं दार चार घरांवर होतं.

रत्नम्मानं वाकळ घडी करून खांद्यावर टाकली.

"अहो, तिची नोंद झालीय," किशनराव म्हणाला.

"नोंद ठेवा. वाकळ नेते."

खाली उतरताना मला म्हणाली, "उतार मात्र बरा केलाय."

घरी मी ज्वारीची भाकर टाकली. तिनं मशीनचे टाके उसवले, घास घातला, स्वतः शिवलं. "हा माझा झाला," म्हणाली. "पहिला अव्वाचा होता."

आठ दिवसांनी मनस्विनी एकटीच आली. माफी मागायला लागली. रत्नम्मानं तिला खाली बसवलं, माझा रुमाल मागून तिच्या डोळ्यांवर बांधला आणि वाकळ तिच्या मांडीवर टाकली.

"घास कुठल्या कोपऱ्यात हाय, सांग."

पोरगी चाचपत राहिली. तिचा चहा निवला. मला राहवेना, सांगायला तोंड उघडलं, तर रत्नम्मानं माझा गुडघा दाबला.

"शोधू दे तिला," म्हणाली.