सावनेर रस्त्यावरचे दोन दगड आणि माझं घड्याळ

"रोज तीन किलोमीटर चालून दाखवा, नाही तर घराला कुलूप लावून पुण्याला चला," असं सांगून माझी मुलगी वैशाली मनगटावर घड्याळ बांधून गेली. त्यातला आकडा तिला तिकडे फोनवर दिसतो. मी रोज घरापासून बागेपर्यंत जाऊन परत येतो. वाट तीच, पाय तेच, आणि घड्याळ कधी पावणेदोन म्हणे, कधी दोन. महिनाअखेरीस ती येणार होती. माझी झोप उडाली.

फोनवर सल्ला सापडला: ठरावीक अंतर चाला, पावलं मोजा, एका पावलाची लांबी घड्याळाला कळवा. ठरावीक अंतर म्हणजे रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड. म्हणून सावनेर रस्ता. सोबत मधुकर. कामठीच्या पॉवरलूमवर आम्ही तीस वर्षं शेजारच्या मागांवर होतो.

सकाळी तर्री पोहे खाल्ले, म्हणजे वर तिखट रस्सा ओतलेले. तर्री कमी घ्या, मी कमी घेतली नाही आणि पस्तावलो. एसटीत आम्हाला अर्धं तिकीट, पण आधार कार्ड जवळ ठेवा. मी तीन वेळा खिसा चाचपला. पाटणसावंगीला उतरलो. पुढे कडेला सावली कमी, ट्रक जास्त. टोपी आणि पाणी न्याच.

पहिल्या दगडापाशी मला शंका आली. "मधू, रस्ता रुंद करताना दगड हलवला असन तर?"

"मंग घरून टेप आणाचा होता. चाल आता गा."

मी पावलं मोजत निघालो, मधुकर दर शंभराला बोट मिटत होता. दुसऱ्या दगडापर्यंत एक हजार सहाशे चाळीस पावलं झाली. घड्याळ म्हणालं, सहाशे वीस मीटर. मला वैशालीच्या पुण्यातल्या फ्लॅटची गॅलरी दिसू लागली. तिथं एक खुर्ची मावते.

दगडासमोर चहाची टपरी होती. आमच्याकडे बराच वेळ बघत असलेली टपरीवाली बाई म्हणाली, "बाबाजी, तुम्ही दोघं सायबासारखे हात मागं बांधून काहून चालता? घड्याळ तं पाठीमागं निजून राहिलं. ते काय मोजन?"

मी मधुकरकडे पाहिलं. त्याचेही हात पाठीशी होते. मागांमधली गल्ली अरुंद, पट्ट्यात बाही अडकली की हात गेला, म्हणून पहिल्याच दिवशी हात मागे ठेवायला शिकवलं होतं. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, हात अजून कामावर होते. आणि हे घड्याळ हाताच्या हेलकाव्यावर पावलं मोजतं.

परत येताना हात सोडले. ते कुठं ठेवावेत कळेना. पावलं तेवढीच भरली, घड्याळानं मात्र साडेअकराशे मीटर दाखवले.

मधुकर खूश झाला. "राहू दे गा आता. फायद्यात हाये."

"अन् पोरीनं स्वतः चालून पाहिलं तर?"

पहिल्या दगडापाशीही एक टपरी होती, तिथं चहा घेतला. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण भागाकार येतो. माझं पाऊल एकसष्ट सेंटिमीटरचं निघालं. घड्याळ उंचीवरून सत्तर धरून होतं, आणि ती उंची मी कारखान्याच्या जुन्या ओळखपत्रावरून भरली होती. तेव्हा मी उंच होतो. तिथंच बसून खरा आकडा भरला. तुम्ही पळत असाल तर एक किलोमीटर पळूनही मोजा. पळताना पाऊल लांब पडतं. मी पळून पाहिलं नाही. मधुकरनं पाहू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेची फेरी दोन किलोमीटर नऊशे मीटर भरली. पोहेवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलं की तीन होतात. आता रोज तीन होतात. वैशाली आली तेव्हा दगड, पावलं, भागाकार, सगळं कागदावर दाखवून मी तिला पटवलं की घड्याळ एक आकडाही खोटा सांगत नाही. तिला पटलं. पुण्याचा विषय न काढता ती परत गेली.

काल तिचा फोन आला. "बाबा, चालणं छान आहे. पण तुमची झोप काहून साडेतीनच तास दाखवून राहिली? एकटे काळजी करत पडता ना? घड्याळ काही खोटं बोलत नाही."

फोन ठेवून मी हात मागे बांधून घरातल्या घरात फेऱ्या मारत राहिलो. त्या मोजल्या गेल्या नाहीत.