न फुटलेले ठोकळे

सुवर्णा देवरे म्हणजे कडू कारलं, यावर नाशिकच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, तोंडानं फटकळ. सिव्हिलच्या पोरांना ती काँक्रीट शिकवायची. काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, महिनाभर हौदात भिजवायचे, मग यंत्राखाली दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं, काम एवढंच.

त्या वर्षी शेवटच्या वर्गानं अहवाल दिले. आकडे कसे देखणे! सुवर्णा सहज हौदापाशी गेली, तर सगळे ठोकळे पाण्यात जसेच्या तसे. एकाचाही टवका उडालेला नव्हता.

तिनं भर वर्गात विचारलं, "न फोडता ताकद कळली कशी? कानाला लावून ऐकलंत?"

मयुरेश उठला. त्याच्या वडिलांच्या इमारती गंगापूर रोडला उभ्या राहत होत्या. "मॅडम, साइटवरही असंच चालतं. उगाच ताणू नका."

"साइटवर चालतं म्हणूनच इथे चालणार नाही. पुन्हा करा. तोवर माझी सही नाही."

वर्ग बिथरला. तिच्या तासाला बाकं रिकामी राहू लागली. स्कूटरच्या सीटवर कुणीतरी ब्लेड फिरवलं. प्राचार्यांनी बोलावून सुनावलं, "पोरांच्या नोकऱ्या अडल्यात, मॅडम. तुम्हाला काय मेडल हवंय?"

"उद्या यांच्या सहीवर स्लॅब कोसळेल, सर."

"कोसळेल तेव्हा बघू. आज निकाल लावायचाय."

वर्गातली एकटी आफिया प्रयोगशाळेत आली. तिचे ठोकळे यंत्राखाली बिस्किटासारखे फुटले. पोरगी रडवेली झाली. "आता काय लिहू, मॅडम?"

"आलं तेच लिही. आणि का आलं, तेही लिही."

"पाणी जास्त पडलं होतं."

"मग शिकलीस की!"

वर्गानं आफियाला 'मॅडमची चमची' ठरवलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. थोड्याच दिवसांत सुवर्णाकडून प्रयोगशाळा काढून घेतली. नव्या सरांनी डोळे मिटून सह्या ठोकल्या. सगळे झकास गुणांनी पास. सर्वांत कमी गुण आफियाला. सुवर्णानं विद्यापीठाकडे तक्रार केली, पण तिकडून हूं की चूं नाही.

निरोप समारंभात मयुरेश फोटोग्राफरला खुणावत सगळ्या शिक्षकांच्या पाया पडत चालला होता. तो वाकला तशी सुवर्णानं पाय मागे ओढले.

"माझ्या पाया पडू नकोस. मी तुला पास केलेलं नाही."

मयुरेशचा चेहरा लालबुंद झाला. "बघून घेईन," तो दातओठ खात म्हणाला.

"घे की," सुवर्णा म्हणाली, आणि त्याच्यामागून पाया पडायला आलेल्या पोराकडेही तिनं रोखून पाहिलं. तो वाकलाच नाही.