थांबलेल्या चित्राचा तास

भर सकाळी मुद्दाम केलेल्या अंधाराला स्वतःचा एक वास असतो. रात्रीचा अंधार आपणहून येतो, त्याच्याशी आपली ओळख असते. हा मात्र बोलावून आणलेला. शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी वर्गाच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगत असे. सतरंज्यांतली धूळ, ओल धरलेल्या भिंती, चाळीस डोक्यांवरचं खोबरेल आणि तापत चाललेल्या टीव्हीचा किंचित जळका वास, एवढ्यांचा मिळून तो अंधार तयार होई. बाहेर कोल्हापूरचं लख्ख ऊन, दूधवाल्यांच्या सायकलींची खडखड. आणि आत, छडी दाखवूनही कधी गप्प न बसलेली मुलं एकमेकांना चिकटून निःशब्द बसलेली. त्यांच्या चेहऱ्यांवर पडद्याचा निळसर उजेड हले. कधी कधी मी पडद्याकडे पाठ करून त्या चेहऱ्यांकडेच पाहत राही. पाण्याखालून कुणी वर पाहावं, तशी ती मुलं दिसत.

वर्गात सिनेमा दाखवावा का, हा प्रश्न अलीकडे तरुण शिक्षक मला फार विचारतात. शाळेत आता संगणक आले आहेत, सीडीच्या चकत्या आल्या आहेत. त्यांना वाटतं, ह्या गृहस्थाने नव्वदच्या दशकातच हा प्रयोग केला होता, तेव्हा ह्याला उत्तर ठाऊक असणार. मी काहीतरी मोघम बोलतो आणि चहा मागवतो. खरं उत्तर द्यायचं तर मला वैशालीबद्दल सांगावं लागेल. तुम्हाला ते सांगतो. तुम्ही निदान मध्येच उठून जाणार नाही.

तेव्हा मी चौथीचा वर्गशिक्षक होतो. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने टीव्ही आणि व्हीसीआर भेट दिले होते आणि ते कार्यालयात टॉवेलाखाली झाकून ठेवलेले होते. मुलांना बोलतं करण्यासाठी मला त्यात एक युक्ती दिसली. आपल्याच मुलखात चित्रित झालेल्या एका ग्रामीण चित्रपटाची कॅसेट मी विकत आणली. दर शनिवारी शेवटचे दोन तास चित्रपट लावायचा, मध्येच थांबवायचा, आणि थांबलेल्या चित्रात काय दिसतं ते प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगायचं. मी त्याला ‘थांबलेल्या चित्राचा तास’ असं नाव दिलं होतं. केवढा अभिमान होता मला त्या नावाचा!

आमच्या मुख्याध्यापिका बाई फटकळ होत्या. “अहो गुरुजी, पिक्चर बघायला पोरांनी शाळेत कशाला यायला पाहिजे? कोल्हापुरात टॉकीजा कमी पडल्या व्हय?”

“बाई, मी पिक्चर दाखवत नाही. थांबवतो.”

“मग तर आणखीन वाईट. अर्धा पिक्चर बघून गेलेलं पोर घरात आईबापाचा जीव खाईल की!”

पण त्यांनी परवानगी दिली, आणि मुलं खरोखर बोलू लागली. बोलत नव्हती ती एकटी वैशाली. तिचे वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. ती पहिलीत असताना, पावसाळ्यात, तापाचं निमित्त होऊन तिची आई गेली. तेव्हापासून ती पोर वर्गात ओठ उघडत नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची.

एका शनिवारी जत्रेचा प्रसंग आला. नायिका गर्दीतून धावते आहे, दोन्ही बाजूंना बायाबापड्या उभ्या. तेवढ्यात वैशालीची शेजारीण, शकू नावाची मुलगी, बाकावर उभी राहून ओरडली, “सर, माझी आई म्हणती, ह्या पिच्चरात वैशीची आई हाय! वैशी पाळण्यात हुती तवा दोघी शूटिंगला गेलत्या, गर्दीत हुबारायला!”

वर्गभर एकच गलका झाला. “थांबवा सर, थांबवा!” “ही न्हवं, ती बघ की, हिरव्या लुगड्याची!” मी टेप मागे घेतली, पुढे नेली. आणि ती बाई दिसली. गर्दीत उभ्या राहणाऱ्यांना पहिली ताकीद असते ती कॅमेऱ्याकडे न बघण्याची. पन्नासभर माणसं ती ताकीद पाळून नायिकेकडे बघत होती. ह्या एका बाईने मात्र चुकून मान वळवली होती आणि सरळ आमच्याकडे पाहिलं होतं. मी बटण दाबलं. चित्र थांबलं.

त्या काळच्या यंत्रांवर थांबलेलं चित्र पुरतं थांबत नसे, हे तुम्हाला आठवत असेल. ते थरथरे. एक पांढरी रेघ खालून वर सरकत राही. ती बाई श्वास धरून उभी आहे, आणि आता फार वेळ धरवणार नाही तिला, असं वाटे.

“वैशाली,” मी विचारलं, “हीच का गं? नीट बघ. हीच ना?”

तिने खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मी ऐकला, “तिनं हिरवं लुगडं नेसलंय.”

बोलली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी तिच्या घरी जाऊन वडिलांना भेटलो. घरात तिच्या आईचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात मान खाली घातलेली आणि चेहऱ्यावर मुंडावळ्या. म्हणजे ह्या जगात त्या माउलीचा चेहरा फक्त माझ्या कॅसेटमध्ये उरला होता. किती मोठी ठेव आपल्या हाती आली, असं वाटून मी गहिवरलो. शकूच्या आईला बोलावून, बाई, ह्यातली कोणती ते दाखवा, एवढं विचारण्याचं मला सुचलं नाही. सुचलं नाही, की विचारायचं नव्हतं? आज एवढ्या वर्षांनीही ह्या प्रश्नाचं उत्तर मला प्रामाणिकपणे देता येत नाही.

पुढचे चार महिने मी त्या चेहऱ्याच्या बळावर वैशालीला शिकवलं. धडा वाच, मग आई बघू. पाढा म्हण, मग आई बघू. ती वाचू लागली, म्हणू लागली. दर शनिवारी हिरव्या लुगड्यातली बाई मान वळवायची, मी तिला धरून ठेवायचो, आणि ती थरथरत आमच्याकडे बघत राहायची. ज्याला आपण बोलावतो तो दर वेळी तसाच परत जातो का? तिचा चेहरा आठवड्याआठवड्याने पांढरा पडत चालला होता. आधी कुंकू गेलं, मग ओठांची कड गेली. मला ते दिसत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालंही, “मेलेल्या माणसाला सारखं बोलवायचं नसतं म्हणत्यात.” मी त्याला दटावून खाली बसवलं.

मग शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले. “गुरुजी, हे मनोरंजन झालं,” ते म्हणाले. “ह्यात शिक्षण कुठाय?” माझा स्वाभिमान दुखावला. मी सतरंज्या टांगल्या, वैशालीला टीव्हीशेजारी उभं केलं, चित्र थांबवलं, आणि तीन वर्षं मुकी असलेली मुलगी कशी बोलती झाली ह्याचं व्याख्यान सुरू केलं. बिचारी पोर आईच्या चेहऱ्याशेजारी, माझ्या यशाचा दाखला म्हणून, हाताची घडी घालून उभी. फार वेळ झाला की ती यंत्रं आपोआप चित्र सोडून देत. टेप झिजू नये एवढी अक्कल त्यांना असे. आमच्या यंत्राने दोनदा सोडलं. दोन्ही वेळा मी टेप मागे घेऊन पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदा आतून कापड फाटल्यासारखा आवाज झाला.

मी कॅसेट काढली, सुरकुतलेली टेप बोटाने सरळ केली, परत लावली. जत्रा आली. नायिका धावली. हिरव्या लुगड्यातल्या बाईने मान वळवली, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पांढरी खळबळ होती, उकळत्या दुधासारखी. त्या खळबळीला डोक्यावरचा पदर तेवढा शाबूत होता. ती बिनचेहऱ्याची बाई आमच्याकडे वळून पाहत होती, आणि एकाही मुलाने नजर हलवली नाही.

“सर,” वैशाली म्हणाली, “तिचं त्वांड गेलं.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वैशालीला म्हणालो, “यंत्र बिघडलंय, दुरुस्त करून आणतो.” पुढच्या शनिवारी तेच म्हणालो. त्याच्या पुढच्याही. मग परीक्षा आल्या, चौथी संपली, ती मुलींच्या हायस्कूलला गेली. जाताना तिने काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. ज्या मुलीला मी बोलतं केलं असं मी सगळीकडे सांगत असे, तिच्यासमोर गप्प राहायला मी तिच्याकडूनच शिकलो असेन!

पुढे बारा वर्षं गेली. महाद्वार रोडवर एका गाड्यावर जुन्या चित्रपटांच्या चकत्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांत तो चित्रपट होता. घरी आणून लावला. जत्रा, नायिका, हिरवं लुगडं. मान वळली आणि चेहरा आला. स्वच्छ, कुंकवासकट, डोळ्यांतल्या भांबावलेपणासकट. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आपण घालवलेलं आपल्याला परत देता येणार, ह्या कल्पनेने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वैशालीचा पत्ता शोधला. शाहूवाडीकडच्या एका गावात तिला दिलेली, तिथल्या अंगणवाडीत ती मुलांना शिकवते असं कळलं. एसटीने गेलो. दोन्ही अंगांनी भाताची खाचरं भरलेली होती आणि धुकं इतकं की मधूनच एखादं वाकलेलं माणूस उगवे आणि मावळे. ती दारातच भेटली. “आवं सर! या की आत. पावण्यासारखं भाईर काय हुबारलाय?” किती मोकळं बोलत होती! तिने चहा ठेवला. मी चकती पुढे केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: चेहरा मी घालवला, यंत्र कधीच बिघडलं नव्हतं, मी खोटं बोललो.

तिने चकती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि परत माझ्यापुढे ठेवली.

“सर, ती माझी आई न्हवं.”

चहा उतू गेला. तिने तो उतरवला, फडक्याने पुसलं, आणि मगच बोलली. “सातवीत असताना शकूच्या आईनं सांगितलं. आई लाजून पार मागच्या रांगंत हुती, पाठमोरी. पिच्चरात ती दिसतच न्हाई.”

“मग तू तेव्हा मान का हलवलीस?”

“तुमी विचारलासा की, हीच ना म्हणून. चाळीस पोरं बघत हुती. मला वाटलं, असंल. तुमास्नी म्हाईत असंल.” तिने उरलेला चहा कपात गाळला. “त्याच्या आधी माझ्याकडं थोडी आई हुती, सर. चुलीफुडं बसून असं मागं वळून बघायची. रोज झोपताना मी ती डोळ्याफुडं आणायची. मग शनवारी ही बाई बघायला लागल्यापास्नं, आईला आणायला गेलं की हीच येती. अजून हीच येती.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. सिनेमाला मी दोष देत नाही. पडद्यावरची बाई बिचारी एका चुकीपुरती वळली आणि पुढे गेली. तिला थांबवलं मी. एका लहान मुलीच्या मनात, चुलीच्या उजेडात, जपून ठेवलेला एक अंधूक चेहरा होता. शिकवण्याच्या उत्साहात मी त्याच्या जागी परकी बाई आणून बसवली, आणि तिला नीट बघ, नीट बघ म्हणत राहिलो.

“सर, एक इचारू?” निघताना ती म्हणाली. “पहिलीत नाव घालायला आई मला घिऊन आलती. ल्हिवून घ्यायला तुमीच हुतासा. तुमी तर तवा मोठं. तुमास्नी आठवती का ती?”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. खरंच, ती बाई माझ्या समोर उभी राहिली होती! मी डोळे मिटले. आधी टेबल आलं, मग जाडजूड रजिस्टर, आणि मग, अगदी स्पष्ट, एक घोगरा आवाज आला: “तारीख न्हाई ठावं, गुरुजी. बेंदराच्या आदल्या दिशी झाली. म्हायारात बैलांची शिंगं रंगवत हुती.” मी हसलो होतो आणि एक जून लिहिलं होतं. तारीख माहीत नसलेल्या सगळ्याच मुलांची आम्ही तीच लिहीत असू.

हे मी वैशालीला सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. “बेंदराच्या आदल्या दिशी?” तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं. “आणि आवाज घोगरा हुता नव्हं? व्हय, घोगराच हुता.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “अजून सांगा की, सर. दिसायला कशी हुती?”

“एवढंच आठवतं,” मी म्हणालो, आणि एसटीची वेळ झाली असं सांगून निघालो.

एवढंच आठवत नव्हतं. माझ्या टेबलासमोर हिरवं लुगडं नेसलेली एक बाई उभी होती. बैलांच्या शिंगांबद्दल सांगताना तिने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून एक पांढरी रेघ खालून वर सरकत गेली.