सफरचंद कुणाला

ग्रीक पुराणातली एक कथा मला विद्यार्थिदशेपासून चीड आणते. तीन देवींपैकी सर्वांत सुंदर कोण हे ठरवून तिला सोन्याचे सफरचंद देण्याचे काम एका राजपुत्राकडे येते. एक देवी त्याला राज्य देऊ करते, दुसरी युद्धातले शहाणपण, तिसरी जगातली सर्वांत देखणी स्त्री. तो तिसरीला सफरचंद देतो आणि पुढे त्यापायी त्याचे नगर जळते. याला निवड म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. त्या गृहस्थाला फक्त डोळे होते.

२०१६च्या सुमारास असाच एक राजपुत्र अप्पर हट या लहान शहरातून ऑकलंडला आला. मूळचा पुण्याचा, आयटीतला. शनिवार-रविवारात तीन मुली बघून परतणार होता. तिथल्या हिल्सबरो उपनगरात मावशीच्या घरी मी दुसरी.

प्रयोगशाळेत मी पेशींची छायाचित्रे घेत असे. तिथे छायाचित्र उजळले तर तसे नमूद करावे लागते. मावशीने मात्र माझा फोटो ॲपमध्ये दोन छटा गोरा करून पाठवला होता, आणि तो पाहूनही मी गप्प राहिले होते. या माणसाशी लग्न करण्याची मला मुळीच घाई नव्हती. पण कोणत्याही यादीत खाली राहण्याची सवयही नव्हती.

पोहे झाल्यावर आम्हाला घरामागच्या लाकडी डेकवर बोलायला पाठवले. काहीतरी बोलायचे म्हणून मी ही कथा सांगितली.

“मग बरोबरच केलं की त्यानं,” तो म्हणाला. “कॉम्पिटिशन ब्यूटीचीच होती ना?”

तर्क बिनचूक होता. निकषच कुचकामी असेल, ही शंका त्याला शिवली नाही. पण देवींनी लाच दिली होती, आणि माझी लाच त्याच्या खिशातल्या फोनमध्ये होती.

“माझा फोटो उजळलेला आहे,” मी म्हणाले.

त्याने फोन काढून एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. “हीप्स नाही, फार नाही, थोडासाच.” मग तिसऱ्या मुलीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून माझ्यापुढे धरला. “तुम्ही यातल्या एक्स्पर्ट. हिचाही केलाय का हो?”

केला होता. हनुवटीखाली रंगाची सीमारेषा मला तत्काळ दिसली. एक शब्द, आणि एक स्पर्धक कमी.

“मी नाही सांगणार,” म्हणून मी आत गेले आणि मावशीला नकार कळवायला सांगितले.

“अगं, तो काय म्हणतो ते तरी कळू दे आधी.”

“तेच कळायला नकोय मला,” मी म्हणाले.