कॅरेटावरची घोंगडी

सवत म्हंजे काय, ते मला इचारा. माझी सवत टमाट्याच्या कॅरेटावर बसायची, आन तिला सात तोंडं व्हती.

आमचे मालक हनुमंत. पिंपरी पेंढारात कांद्या-टमाट्याचं रान, दारात चार मेंढरं, आन लग्नसराई-जत्रा आली की दादाभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गिटार. मी बोरी बुद्रुकची. नांदायला आले त्या दिशीच सासूबाई म्हणाल्या, "पुष्पे, घर तुजंच हाये बाई, फकस्त त्या कॅरेटाला हात लावू नगंस. हनुमंता लई चिडतो." आता सांगा, अंगाची हळद उतरायच्या आधी नव्या नवरीला कुणी असं सांगतं व्हय?

टमाटे भरायचं प्लास्टिकचं कॅरेट, उपडं घातलेलं. त्याच्यावर फळी, आन फळीवर पायानं दाबायचे सात डबे, सायकलच्या ट्यूबनं आवळून बांधलेले. त्यांना पेडल म्हणत्यात. एक दाबलं की गिटार करवतीवानी कापत सुटायची. दुसरं दाबलं की आवाज हिरीत हाक मारल्यावानी माघारी यायचा. तिसऱ्यावर पाय हलवला की गिटार चक्क बाईवानी रडायची. मामंजी मेंढरांना नावं द्यायचे, तशी मालकांनी ह्या डब्यांना दिली व्हती. काळी, भुरी, तांबडी, ढवळी, असली. मामंजी सांजच्याला वाड्यात मेंढरं घेताना एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. कार्यक्रम संपला की हे बी तसंच. प्रत्येक डब्याला हात लावणार, नाव घेणार, आन मगच गठुडं बांधणार. माझं नाव कवा घ्यायचे? भाकर करपली की.

माझ्या बांगड्या वाढवल्या तर आळेफाट्यापोतर जायला ह्यांना सवड न्हाई. आन भुरीचा एक स्क्रू पडला तर सकाळच्या पहिल्या यष्टीनं पुणं! तिच्या फटीतली धूळ काढायला माझा दात घासायचा ब्रश नेला व्हता एकदा. नवा व्हता, राव. मी जळायची का न्हाई? जळायचीच. उघड सांगते, मला काय कुणाची चोरी हाये?

त्या समद्या पसाऱ्यात माझं म्हणून एकच काम व्हतं, ते घोंगडीचं.

आमच्यात बिरोबाच्या जत्रंत ऑर्केस्ट्रा सुरू व्हतो तो देवाच्या ओवीनं. ढोल वाजतो, गिटार साथीला असती, आन शेवटल्या ओवीला देवाचं नाव आलं की समदा गाव "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून भंडारा उधळतो. मुठी-मुठीनं, पार स्टेजवर. माणसं पिवळी, ढोल पिवळा, हवा बी पिवळी. पयल्या वर्षी ती हळद काळीच्या फटीत गेली आन अख्खा कार्यक्रम ती खरखरत बसली. तवापासनं मामंजींची काळी घोंगडी घेऊन मी स्टेजच्या कडंला उभी राहायची. ओवी फिरली की मला कळायचं, आता मुठी उठणार. पळत जाऊन घोंगडी टाकायची, दोन्ही हातांनी कडा दाबून धरायच्या, भंडारा खाली बसला की अल्लाद उचलायची. सवतीच्या अंगावर पांघरूण घालायचं काम! पण तेवढ्या येळंला मालक माझ्याकडं बघून मान हलवायचे. वर्साची तेवढीच मान.

मग हळूहळू गिटारवाल्यांची रीतच बदलली. बाकीच्या पार्ट्यांतली पोरं कॅरेट-फळ्या टाकून एकच मशीन आणाया लागली. सात काय, सत्तर आवाज त्याच्यात. नंबर दाबला की आवाज बदलला. पुढं ते मशीन बी बारकं झालं, जेवणाच्या डब्याएवढं. कुणी तर नुसत्या मोबाईलवर भागवाया लागलं. आमचे मालक मात्र स्टेजवर गुडघ्यावर बसून वायरीच जोडत्यात. माईकवाला वरडतोय, मंडळी शिट्ट्या मारत्यात, आन हे म्हणत्यात, "थांबा, तांबडी बोलंना."

त्यात मोहित आला. आंबेगावच्या डोंगरातल्या भातखाचरांतला, नवं लगीन झालेला. पाठीवर गिटार, पिशवीत मशीन, बरोबर बायको आरती. एक वायर लावली की गडी तयार. दादाभाऊ पिंपळवंडीचे, तोंडावर बोलणारा माणूस. ते म्हणाले, "हनुमंतराव, टेम्पोत दोन गिटारवाल्यांना जागा न्हाई. बिरोबाच्या जत्रंला दोघं वाजवा. ज्याची गिटार लोकांना भावंल तो राहील."

मालक त्या दिशी जेवले न्हाईत. पाऊणशे गावांच्या जत्रा वाजवलेला माणूस, ह्याला काढून टाकायचं? माझ्या तर टाळूला आग लागली. पण ह्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ते मी वळखलं. ह्यांची नजर मोहितच्या मशीनवर व्हती. लग्नाच्या आधी मला बघायला आले तवा चहाच्या कपावरनं माझ्याकडं बघितलं व्हतं, तीच नजर.

आन मोहितची गंमत बघा. तो आमच्या दारात आला, कॅरेटापुढं उकिडवा बसला आन काळीवर बोट फिरवत म्हणाला, "दादा, ह्ये आता मिळत नाय. शहरातली पोरं मशीनं सोडून परत असलीच जुनी पेडलं हुडकत्यात. ह्या आवाजाची सर मशीनला नाय."

"मग घेऊन जा," मालक म्हणाले. "तुझं मशीन मला दे. अदलाबदल."

मी चुलीम्होरनं उठलेच. खरं तर मी पेढं वाटाया पाहिजे व्हते. सवत घरातनं चाललीय, अजून काय पाहिजे? पण कशाचं काय! मालक त्या गुळगुळीत मशीनला टावेलात गुंडाळत व्हते आन कॅरेटाकडं ढुंकून बघत न्हवते. मोजलं बी न्हाई. एकीचं बी नाव घेतलं न्हाई. आन ती आरती, कालची पोर, पदरानं काळी पुसत व्हती! माझ्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

"आवं, इतकी वरसं जिला पोसली, तिला अशी वाटंला लावता?" मी म्हणलं.

"तुला कवापासनं तिचा पुळका आला?" मालक हसले. "जत्रंला घोंगडी घे म्हंजे झालं."

घेतली. जत्रंच्या सांजंला मी नेहमीच्या जागी उभी राहिले. स्टेजच्या एका अंगाला मालक, पायापाशी नवं मशीन. दुसऱ्या अंगाला मोहित, पायापाशी माझी सवत. डोंगरातल्या पोराला आमचा भंडारा काय ठावं? कॅरेट तसंच उघडं, आन आरती खाली लोकांत बसून मोबाईलात फोटो काढतीय. मी मनात म्हणलं, बरं झालं. भर म्हणावं हळदीनं! आज खरखरशील तर माझ्या मालकाची जागा राहील.

ढोल चढला. मालकांची गिटार गोड वाजत व्हती, मी खोटं बोलायची न्हाई. ओवी फिरली. मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मुठी उठल्या.

आन मी पळाले. पाय नेहमीच्या वाटंनं गेले म्हणा, न्हाईतर काय बी म्हणा. मोहितच्या पायापाशी जाऊन मी कॅरेटावर घोंगडी टाकली, दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या आन वर पडून राहिले. पाठीवर भंडाऱ्याचा पाऊस. काळी, भुरी, तांबडी, समद्या माझ्या पोटाखाली सुखरूप. मला कसं हायसं वाटलं, काय सांगू! चांगभलं थांबलं तवा मान वर केली, तर समोर मालक. त्यांच्या पायापाशी मशीन न्हवतंच, हळदीचा ढीग व्हता. त्यांनी बटण दाबलं. रुतलं ते वर आलंच न्हाई. मशीन एकाच सुरात शीळ घालत बसलं, मग ते बी गप झालं.

त्या दिशी मोहितनं जे वाजवलं, त्याला तोड न्हाई. काळी बोलली, भुरीनं हाक माघारी धाडली. रडणाऱ्या तांबडीवर तर म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्याला लावला. दादाभाऊंनी स्टेजवरच पोराच्या गळ्यात हार घातला. आमची जागा गेली.

आमी घरी निघालो. मी पुढं, हे मागं, खांद्यावर मुकी गिटार. दारात आल्यावर मलाच ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, "शिव्या द्या एकदाच्या. तुमचं सोडून त्याचं झाकलं मी."

त्यांनी गिटार खुटीला लावली. माझ्या पाठीवरचा भंडारा हातानं झटकला, आन म्हणाले, "शिव्या कशाला, पुष्पे? माझ्या हातात घोंगडी असती, तर मी बी तिच्यावरच टाकली असती."

बघा! जागा गेली, मशीन गेलं, ती स्वता दुसऱ्याच्या घरी नांदाया गेली, तरी ह्यांच्या मनात तीच. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की मी भाकरी न थापताच आडवी झाले.

घोंगडी झटकून, घडी घालून ठेवलीय. येत्या जत्रंला घेऊन जाणार मी, मालकांना आवडो न आवडो. त्या आरतीला काय ठावं, कुठल्या ओवीला मुठी उठत्यात ते?